मेरी ॲनिंग: दगड कुणी फोडला, निबंधावर नाव कुणाचं?

गारगोटी

भूशास्त्राच्या सुरुवातीच्या काळातल्या माणसांची चरित्रं आणि पत्रं सध्या वाचते आहे. त्यात एक गोष्ट वारंवार खटकते. कड्यावरून जीवाश्म काढणारा हात एकाचा असतो आणि छापील निबंधावरचं नाव दुसऱ्याचं. मेरी ॲनिंगच्या बाबतीत हे इतकं उघड आहे की तिच्यावर वेगळा धागा काढावासा वाटला. मराठीत तिचा उल्लेख 'डायनोसॉर शोधणारी मुलगी' असा दोन ओळींत उरकलेला दिसतो. खरं तर तिची कीर्ती डायनोसॉरमुळे नाही, समुद्रातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांमुळे आहे. आणि ती सगळं आयुष्य 'मुलगी' राहिली नाही. चांगली पस्तीस वर्षं तिने हे काम पोटासाठी केलं.

लाइम रेजिस हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं डॉर्सेटमधलं छोटं गाव. मेरीचा जन्म तिथलाच, २१ मे १७९९ चा. वडील रिचर्ड सुतारकाम करायचे, कपाटं बनवायचे, आणि जोडधंदा म्हणून किनाऱ्यावरचे जीवाश्म वेचून सहलीला येणाऱ्यांना विकायचे. १८१० मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर १२० पौंडांचं कर्ज होतं. घरात आई, मोठा भाऊ जोसेफ आणि मेरी. पुढच्याच वर्षी जोसेफला चार फूट लांबीची एक कवटी सापडली. उरलेला सांगाडा १८१२ मध्ये मेरीने शोधला, तेव्हा तिचं वय जेमतेम बारा-तेरा. तिथल्या जमीनदाराने तो २३ पौंडांना घेतला, तिथून तो लंडनच्या एका खाजगी संग्रहालयात गेला, आणि १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ४५ पौंडांना विकत घेतला. हाच तो इक्थिओसॉर, माशासारख्या अंगाचा समुद्री सरपटणारा प्राणी. एव्हरार्ड होम या नामवंत शल्यविशारदाने १८१४ पासून त्यावर निबंध लिहिले. त्यात ॲनिंग कुटुंबाचं नाव कुठेही नाही. उलट हाडं साफ करण्याचं कष्टाचं काम संग्रहालयातल्या लोकांनी केलं असं त्याने लिहून टाकलं.

डिसेंबर १८२३ मध्ये मेरीला प्लेसिओसॉरचा पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. लहानसं डोकं, वल्ह्यासारखे चार पाय, आणि मान एवढी लांब की पॅरिसमध्ये बसलेल्या क्युव्हिएला चित्र पाहून संशय आला. दोन वेगळ्या प्राण्यांची हाडं जोडली असावीत, असं त्याचं मत. क्युव्हिए म्हणजे त्या काळचा शरीररचनेतला शेवटचा शब्द. त्याने खोटं ठरवलं असतं तर मेरीचं दुकान त्याच दिवशी बुडालं असतं, तिच्याकडून कुणी साधा अमोनाइटही (गुंडाळलेल्या कवचाचा जुना समुद्री जीव) घेतला नसता. फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, विल्यम कोनिबेअर या भूशास्त्रज्ञाने तो सांगाडा मांडला. सांगाडा अस्सल ठरला, क्युव्हिएनेही मागाहून ते मान्य केलं. कोनिबेअरच्या निबंधात मेरीचं नाव नव्हतं. त्या सभेला तिला बोलावलंही नव्हतं. सोसायटीत पहिल्या बायका सभासद म्हणून निवडून आल्या त्या थेट १९१९ मध्ये.

मला सगळ्यात जास्त भिडते ती तिची काम करायची रीत. हिवाळी वादळात दरडी कोसळल्या की नवे थर उघडे पडतात, आणि पुढच्या दोन-चार भरतींत लाटा ते धुऊन नेतात. म्हणजे शोधायचा हंगाम तोच, जेव्हा कड्याखाली उभं राहणं सगळ्यात धोक्याचं असतं. हातात हातोडा, अंगावर जाड कपडे, सोबत ट्रे नावाचा कुत्रा. हाड सापडलं की ते पूर्ण सोडवायचं, चौकटीत सिमेंटने बसवायचं, त्याचं चित्र काढायचं. लेडी सिल्व्हेस्टर नावाच्या एका बाईंनी १८२४ मध्ये तिला भेटल्यावर डायरीत लिहिलंय की हिला हाड पाहताक्षणी ते कोणत्या प्राण्याचं हे कळतं, आणि प्राध्यापक मंडळी मान्य करतात की या विषयातलं हिच्याइतकं देशात कुणाला समजत नाही.

विकत घ्यायला न परवडणारे निबंध ती उसने आणून चित्रांसकट हाताने उतरवून काढायची. मासे आणि कटलफिश कापून आतली रचना पाहायची, म्हणजे दगडातलं वाचता यावं. याला नुसतं 'वेचणं' म्हणायला माझं मन तयार नाही.

आनंदी

किती सुंदर लिहिलंय गारगोटीताई! अमोनाइटचा उल्लेख वाचला आणि घरचा शाळिग्राम आठवला. तोही अमोनाइटच ना? आणि एक प्रश्न. तिने स्वतः लिहिलेलं, तिच्या नावावर छापलेलं काहीच नाही का?

भूगोलसर

आनंदी, हो. गंडकीच्या खोऱ्यातून येणारे शाळिग्राम हे ज्युरासिक काळातल्या अमोनाइटचेच जीवाश्म. हिमालय वर उचलला जाण्याआधी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाच्या काळ्या शेलमधले, म्हणजे चिखलाचा थर घट्ट होऊन झालेल्या खडकातले. लाइम रेजिसला त्यांना 'सापाचे दगड' म्हणत आणि विकताना वर सापाचं डोकंसुद्धा कोरून देत.

लाइमच्या कड्यांबद्दल थोडं. चुनखडी आणि शेलचे पातळ थर एकाआड एक, त्याला ब्लू लायस म्हणतात, वय साधारण २० कोटी वर्षं. उथळ समुद्राच्या तळाशी बारीक चिखल साचत गेला, खाली प्राणवायू कमी, त्यामुळे मेलेला प्राणी कुजून विखरायच्या आत गाडला जायचा. म्हणून तिथे सांगाडे अख्खे मिळतात. आपल्या सह्याद्रीत मुलं दरवर्षी विचारतात, सर इथे जीवाश्म का नाहीत? कारण सह्याद्री लाव्ह्याचा. पण दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांच्या गाळात मात्र जीव सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत असेच बेडूक मिळाले होते, रिचर्ड ओवेन या इंग्लिश शरीररचनातज्ज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. बोटाच्या पेराएवढे बेडूक, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे.

आता लेखाबद्दल. सगळ्यांना एका माळेत ओवू नये असं मला वाटतं. भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंडने १८२९ मध्ये तिच्या टेरोसॉरवर, म्हणजे उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यावर, निबंध वाचला, जर्मनीबाहेर सापडलेला हा पहिला, त्यात तो मिस मेरी ॲनिंगला सापडला असं नावानिशी सांगितलं आहे. अश्मीभूत विष्ठेचं प्रकरणही तसंच. तेव्हाचे लोक ज्यांना 'बेझोअर' म्हणत त्या गोट्या इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागीच सापडतात, आणि फोडल्या की आत माशांचे खवले आणि हाडं निघतात, हे निरीक्षण मेरीचं. बकलंडने त्यावरून सिद्धान्त मांडला, पण तिचं ऋण लपवलं नाही. दे ला बेश या भूशास्त्रज्ञाने तर १८३० मध्ये प्राचीन डॉर्सेटच्या समुद्राचं चित्र काढलं, इक्थिओसॉर प्लेसिओसॉरची मान धरतोय असं, आणि त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे तिला मिळवून दिले.

गारगोटी

सर, बकलंड आणि दे ला बेशबद्दल सहमत. म्हणूनच होम आणि कोनिबेअरचं वागणं 'तेव्हा रीतच तशी होती' म्हणून सोडून देता येत नाही. त्याच वर्षांत, त्याच सोसायटीत, त्याच बाईचं नाव घेणारे लोक होते. म्हणजे घ्यायचं ठरवलं तर घेता येत होतं.

आनंदी, हयातीत तिच्या नावावर विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं ते एकच, १८३९ मधलं. 'मॅगझीन ऑफ नॅचरल हिस्टरी'ने हायबोडस या जुन्या शार्कबद्दल काहीतरी नवीन म्हणून छापलं होतं. मेरीने पत्र पाठवून कळवलं की हे नवीन नाही, सरळ आणि वाकड्या अशा दोन्ही प्रकारचे दात असलेले शार्क मला कित्येक वर्षांपूर्वीच मिळालेत. त्या पत्राचा एक तुकडा मासिकाने छापला. बस्स. बाकी तिचं लेखन म्हणजे पत्रं आणि उतारे. २६ डिसेंबर १८२३ चं एक पत्र आहे, प्लेसिओसॉर सापडल्या सापडल्या लिहिलेलं. खाली सांगाड्याचं रेखाटन. एकेक मणका, एकेक बरगडी, वल्ह्यातली बोटांची हाडं. ते रेखाटन पाहिल्यावर तिला नुसती 'दुकानदार' म्हणण्याची हिंमत होऊ नये.

दुसरं पत्र १८३३ च्या दरडीनंतरचं, शार्लट मर्चिसनला लिहिलेलं. ही शार्लट म्हणजे भूशास्त्रज्ञ रॉडरिक मर्चिसनची बायको, लाइमला राहून मेरीबरोबर कड्यांवर फिरलेली. कडा कोसळला आणि क्षणात तिच्या डोळ्यांसमोर, अगदी पायाशी, ट्रे गाडला गेला. थोडक्यात ती वाचली. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मरणाने मी एवढी कोलमडले याचं तुम्हाला कदाचित हसू येईल, असं तिने लिहिलंय. त्या वेळी तिचं वय चौतीस.

आणि ॲना मारिया पिनी नावाची तिची एक तरुण मैत्रीण. मेरीच्या तोंडचं गाऱ्हाणं तिने नोंदवून ठेवलंय: या विद्वानांनी माझा मेंदू शोषून घेतला, मी पुरवलेल्या मजकुरावर पुस्तकं छापून नाव कमावलं, माझ्या पदरात काही पडलं नाही. म्हणजे हा अन्याय आपण दोनशे वर्षांनी तिच्यावर लादत नाही आहोत. तिला स्वतःला तो जाणवत होता, डाचत होता.

शशांक_ब्रिस्टल

वाचतोय, फार छान चाललंय. मी ब्रिस्टलला राहतो, लाइम रेजिसला बरेचदा जाणं होतं. २०२२ च्या मे महिन्यात तिथे मेरीचा पुतळा बसवला, हातोडा घेऊन निघालेली मेरी आणि पायाशी ट्रे. चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी आहे, १८५० ची. त्याच चर्चच्या आवारात ती आणि जोसेफ यांची कबर. तिचा प्लेसिओसॉर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये भिंतीवर आहे. समोर उभं राहिलं की मानेवरून नजर हलत नाही, क्युव्हिएला संशय का आला ते लगेच पटतं.

किनाऱ्यावर आजही लोक शोधतात आणि तिथे ते चालतं. पडलेल्या दगडातून घ्यायला हरकत नाही, कारण नाही घेतलं तर समुद्र नेतोच. महत्त्वाचं काही मिळालं तर चारमथच्या केंद्रात नोंदवायचं. शोधणाऱ्याचं नाव नोंदीत जातं. कड्यावर मात्र हातोडा चालवायचा नाही, आणि भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघायचं नाही. दर हिवाळ्यात दरडी येतातच.

पानगळ

गारगोटी, लेख आवडला, पण मुद्दा थोडा वेगळा मांडते. तुम्ही हे बाई म्हणून झालं असं सुचवताय. मला वाटतं त्याहून जास्त ते गरिबीमुळे आणि विकण्यामुळे झालं. त्या काळी वस्तू विकत घेणारा हाच तिचा 'मालक' आणि निबंधात त्याचंच नाव यायचं. प्लेसिओसॉर ड्यूक ऑफ बकिंगहॅमने घेतला, त्याचे आभार मानले गेले. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूच्या कारागिराचं नाव कोण लिहीत होतं? आणि पुरुषांचंही हेच व्हायचं. गिडियन मँटेल बघा. ससेक्समधल्या लुईसचा डॉक्टर, चांभाराचा मुलगा. इग्वानोडॉन हा डायनोसॉर त्याने जगापुढे आणला, तरी ओवेनने त्याला आयुष्यभर खाली दाबलं.

गारगोटी

पानगळ, मँटेलचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण त्याच्यामुळेच दोन्ही गोष्टी कशा गुंतलेल्या होत्या ते दिसतं.

ससेक्समधल्या खाणींतून त्याला मोठाले झिजलेले दात मिळाले, १८२२ च्या आसपास. खाणकामगारांकडून तो हाडं विकत घ्यायचा, दिवसभर रुग्ण तपासून रात्री दगड कोरत बसायचा. क्युव्हिएने आधी ते दात गेंड्याचे ठरवले. मग लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये स्टचबरी नावाच्या तरुण सहायकाने त्याला इग्वाना सरड्याचा सांगाडा दाखवला. दात तसेच, फक्त कितीतरी पट मोठे. १८२५ मध्ये निबंध छापून आला आणि इग्वानोडॉन हे नाव रूढ झालं. पुढे जीवाश्मांनी घर भरलं, डॉक्टरकी बसली. १८३८ मध्ये संग्रह ४,००० पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. १८३९ मध्ये बायको सोडून गेली. १८४१ मध्ये बग्गीचा अपघात, पाठीचा कणा कायमचा दुखावला, अफूवर दिवस काढले आणि १८५२ मध्ये अफूच्या जास्त मात्रेने गेला. त्याच्या जाण्यानंतर त्याचा वाकडा कणा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात ठेवला गेला. ओवेनने १८४२ मध्ये 'डायनोसॉर' ही संज्ञा छापली आणि श्रेयाचा मोठा वाटा आपल्याकडे ओढला. हे सगळं मान्य.

पण आता मेरी ॲन मँटेलकडे बघा. नवऱ्याच्या १८२२ च्या पुस्तकातली चित्रं तिने कोरली. ते पहिले दात तिला रस्त्याकडेला सापडले असं मँटेल आधी लिहीत होता. १८५१ मध्ये त्याने लिहिलं की ते मलाच सापडले. खरं काय ते असो, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच घरातली बाई त्याच्या कागदावरून पुसली जाते. मँटेल गरिबीतून वर आला तरी रॉयल सोसायटीचा फेलो झाला, स्वतःच्या नावाने निबंध छापू शकला. मेरी ॲनिंगला तो दरवाजाच नव्हता. एलिझाबेथ फिलपॉट लाइमलाच राहायची, खाऊनपिऊन सुखी, तिच्या जीवाश्मसंग्रहातले मासे अगासिझ या स्विस शास्त्रज्ञाने अभ्यासले आणि एका माशाला तिचं नाव दिलं. तिच्याही नावावर निबंध नाही. पैसा होता, तरी नाही.

अगासिझचं मात्र कौतुक करायला हवं. १८३४ मध्ये लाइमला येऊन गेला, आणि मेरीच्या नावाने दोन माशांची नावं ठेवली. ती जिवंत असताना हे करणारा तो एकटाच.

पानगळ

एलिझाबेथ फिलपॉटचं उदाहरण चपखल आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी वर्गाचा मुद्दा मी सोडत नाही. १८३५ च्या सुमारास मेरीची ३०० पौंडांची शिल्लक बुडाली. तेव्हा बकलंडने खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचं मानधन मिळवून दिलं. ते मिळालं मदत म्हणून. विद्वानाला मिळतं तसा मान म्हणून नाही.

वैनगंगा

नागपूरकरांनी इथे गप्प बसायचं म्हणजे कठीणच! त्याच काळात आपल्या विदर्भात काय चाललं होतं ते सांगते.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी, जन्म १८१७. १८४५ मध्ये नागपूरला आला, शाळा काढली. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. १८५१ च्या सुमारास तो आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळीच्या माळावर गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म दिसले आणि तिथून दोघं झपाटले. भूगोलसर म्हणाले तेच, दोन लाव्ह्यांमधल्या तळ्याचा गाळ. शिंपले, फळं, बिया, अगदी भुंग्यांचे पंखसुद्धा. १८५५ मध्ये दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या त्याच जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. मांगलीला मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीचं वर्णन ओवेनने त्याच वर्षी केलं. वनस्पतींचं बनबरीने १८६१ मध्ये. हिस्लॉपने मात्र स्वतःही लिहिलं, १८६० मध्ये शिंपल्यांवर सविस्तर निबंध आहे. मुंबईच्या कार्टरने गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याला 'हिस्लॉपिया' नाव दिलं ते १८५८ मध्ये, हिस्लॉप जिवंत असतानाच.

४ सप्टेंबर १८६३ ला रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला होता. संध्याकाळी एकटाच घोड्यावरून बोरीकडे परत निघाला आणि पूर आलेल्या नाल्यात बुडाला. वय ४५. गोंडांवरची त्याची टिपणं टेंपलने १८६६ मध्ये छापून घेतली.

आणि आता चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथे शेतातच डायनोसॉरची हाडं आणि अश्मीभूत विष्ठेच्या गोट्या पडलेल्या असतात. हिस्लॉपच्या काळापासून माहीत असलेली जागा. १९३९ मध्ये मॅटलीने त्या गोट्यांवर निबंध लिहिला. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या गोट्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले. तोपर्यंत समज होता की डायनोसॉर असताना गवत नव्हतंच. मेरीने गोट्या फोडून खवले पाहिले होते, इथे सूक्ष्मदर्शकाखाली गवत दिसलं. पद्धत तीच, प्राण्याने काय खाल्लं ते त्याच्या विष्ठेलाच विचारायचं.

भूगोलसर

वैनगंगा, क्या बात है. यात जबलपूरची भर घालतो. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच, याला बारा सिमला टेकडीवर मोठे मणके सापडले. हे भारतातले पहिले डायनोसॉर जीवाश्म. पण तेव्हा डायनोसॉर ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे ते हातोहात कलकत्त्याला पोचले आणि तसेच पडून राहिले. लायडेकरने १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. पुढे मणके गहाळ झाले, सगळ्यांनी आशा सोडली. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना त्यातला एक कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात परत सापडला. नोंद नीट ठेवली नाही तर ठेवलेली वस्तूसुद्धा हरवते.

आनंदी

पुढच्या महिन्यात नागपूरला येतेय. पिसदुऱ्याला जाता येईल का? मुलीला गोट्या दाखवायच्या आहेत.

वैनगंगा

या की! पण ती लोकांची शेतं आहेत. शेतकऱ्याला विचारूनच पाय टाकायचा. आणि काही उचलून न्यायचं नाही. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, वेगळं काही दिसलं तर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. लाइमचं वेगळं, तिथे समुद्र नेतो. इथे दगड जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला तेच कळत नाही. आणि उन्हात जाऊ नका, सकाळी लवकर निघा.

गारगोटी

वैनगंगा, हिस्लॉपची माहिती वाचून फार आनंद झाला. १८५५ च्या त्या निबंधावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. त्यातली गावांची नावं आजच्या नकाशावर लावून द्या, मी मदत करते.

शशांक, पुढच्या वेळी लाइमला गेलात तर तिथल्या संग्रहालयात मेरीची पत्रं पाहायला मिळतात का ते विचाराल का? जर्मन वैद्य कारुस १८४४ मध्ये सॅक्सनीच्या राजाबरोबर तिच्या दुकानात आला होता. त्याने वहीत नाव लिहून मागितलं, तेव्हा तिने ठळक अक्षरात सही केली आणि सांगितलं, 'मला सगळा युरोप ओळखतो.' पुढे तीनच वर्षांत, मार्च १८४७ मध्ये, स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. दे ला बेश तेव्हा जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. त्याने तिच्यावर श्रद्धांजलीचं भाषण केलं, ते सोसायटीने छापलं. जिथे तिला पाऊल टाकता येत नव्हतं त्या सभेत एका बाईसाठी झालेलं ते पहिलं भाषण.

शशांक_ब्रिस्टल

नक्की विचारतो. ईस्टरच्या सुट्टीत जाणं होईल, फोटो काढू दिले तर इथेच टाकतो.